बिंगोच्या हॉलमधला नववा नियम

बाळांनो, तुमची आजी जुगार खेळते. तुमच्या आईने हे दबक्या आवाजात सांगितलं असेलच, म्हणून मीच नीट लिहून कळवते.

श्रूजबरीत आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर एक चर्च आहे. त्याच्या तळघरात दर गुरुवारी दुपारी छपराच्या दुरुस्तीच्या निधीसाठी बिंगो चालतो. एक जण आकडे पुकारतो, आपण ते आपल्या कार्डावर खोडायचे, ओळ पुरी झाली की ओरडायचं. छप्पर अजून गळतंय. ते एकदाचं दुरुस्त झालं तर आमच्या गुरुवारचं काय, ही चिंता आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना आहे.

दाराशी नियमांचा कागद लावलेला आहे. अठरा वर्षांखालच्यांना खेळता येत नाही. हा नियम आमच्यापैकी कोणाच्याच आड येत नाही. नववा नियम असा, की खेळ चालवणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी खेळायचं नाही. तो कागद शेवटपर्यंत वाचलेली बहुधा मी एकटीच. तरीही एका गुरुवारी पुकारणाऱ्या बाई आल्या नाहीत आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याबरोबर आलेले तुमचे आजोबा कोणी न विचारता माईकपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा मी कार्ड परत केलं नाही. शेवटच्या टेबलावर सरकले आणि परकी बाई झाले. आठ महिन्यांत मी एकदाही जिंकले नव्हते, एवढंच माझं समर्थन.

आजोबा बोर्डाचा निकाल जाहीर करावा तसे आकडे वाचत होते. माझी ओळ पुरी झाली. मी उभी राहून ओरडले, "बिंगो!"

माईक तोंडाशी तसाच धरून आजोबा म्हणाले, "अगं, नीट बघ. तू नेहमी घाई करतेस."

मराठी शब्द कोणाला कळले नाहीत, पण तो सूर जगातल्या कुठल्याही लग्न झालेल्या बाईला कळतो. हॉलच्या व्यवस्थापक बाई माझ्यापाशी आल्या.

"हनी, हा तुझा नवरा?"

"आजच्या दिवसापुरता नसता तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

सगळं तळघर हसलं. बक्षीस अर्थातच गेलं. शिवाय बाईंनी बजावलं, की आधीच्या पुकारणाऱ्या आता येणार नाहीत, तुझ्या नवऱ्याचा आवाज छान आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यापासून तो पुकारेल तरी किंवा तू खेळशील तरी. काय ते ठरवून कळवा.

परतताना गाडीत आजोबा खुशीत होते.

"नियम म्हणजे नियम. तूच म्हणतेस ना?"

"अहो, तुम्हाला माईक दिला कोणी?"

"त्याला आवाज लागतो. तुझं काय, नुसते आकडे खोडायचे. घरी बसून शब्दकोडं सोडव."

"सोडवीन की. पण दर गुरुवारी तुम्हाला तिथे नेऊन सोडणार कोण?"

डोळ्यांमुळे आजोबांचं लायसन्स गेल्या वर्षीच गेलंय. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी सीटबेल्ट जरा सैल केला.

"तसा त्या माईकवर फार ओरडावं लागतं," ते म्हणाले. "दमायला होतं."

घरी पोचल्यावर मी त्यांचा राजीनामा इंग्रजीत लिहून काढला. त्यांनी त्यातले दोन स्वल्पविराम बदलले आणि सही केली. आता ते माझ्या शेजारी स्वतःचं कार्ड घेऊन बसतात आणि नवीन पुकारणाऱ्याच्या उच्चारांना नावं ठेवतात. महिन्याभरात दोनदा जिंकलेत. मी अजून एकदाही नाही.