उमुतकानचा काठोकाठ प्याला

आमच्या चोलपोन-आताच्या धक्क्यावर सगळ्यात मोठा आवाज उमुतकान एजेचा. एजे म्हणजे थोरली बहीण, वयाने मोठ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. कर्णा लावून ओरडणारे लाँचवालेसुद्धा तिच्यापुढे फिके. आणि ही बाई काम काय करायची, तर ज्यांना गोंगाट सोसत नाही अशा पाहुण्यांना शांत लाँच शोधून द्यायची. "इकडे या! एकदम शांत सफर!" अशी ती बोंबलली की झाडावरची कबुतरं उडून जायची. लोक हसायचे, मीही हसायचे. पण तिने शोधून दिलेल्या लाँचवरून कुरकुरत परत आलेला माणूस मी एकही पाहिला नाही. आणि उन्हाळ्यात माझ्या घरी खोल्या भाड्याने घेणारे पाहुणे कुरकुर करण्यात कोणाला हार जाणारे नाहीत, हे मी स्वानुभवाने सांगते.

जुलैत आमच्या इसिक-कुल तळ्याकाठी बोलायचं तर खाणाखुणाच कराव्या लागतात. प्रत्येक लाँचवर वेगळं गाणं, वर प्रत्येकाला दुसऱ्याच्यापेक्षा मोठं लावायचं असतं. उंटावर बसून फोटो काढा म्हणणारा वेगळा, धुरावलेले मासे विकणाऱ्या बायका वेगळ्या. बहुतेक पाहुणे येतात तेच मुळी नाचायला. नाचतात आणि जातात, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दर उन्हाळ्यात थोडे असेही येतात ज्यांना नुसतं पाणी बघायचं असतं, पलीकडचे बर्फाचे डोंगर बघायचे असतात. ते बिचारे धक्क्यावर कानांवर हात ठेवून उभे असतात आणि काठावरूनच परत फिरतात. उमुतकान एजे अशांना लांबून हेरायची. धक्क्याच्या टोकाला तिचं एक मोडकं स्टूल, बाजूला किटली आणि कापडात गुंडाळलेला प्याला, एवढंच तिचं दुकान.

तरुणपणी ती राजधानीतल्या कापडगिरणीत मागावर होती. अर्धं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. गावी परतली तेव्हा उजवा कान पार गेलेला आणि डावा नावापुरता उरलेला. म्हणून तर तिचा आवाज एवढा. आपण किती जोरात बोलतोय हे तिला कळायचंच नाही. एकदा मी तिला विचारलं, "एजे, तुम्हाला ऐकू येत नाही, मग दुसऱ्यांच्या कानांची एवढी काळजी कशाला?"

"माझे कुणी वाचवले नाहीत म्हणून!" ती म्हणाली. म्हणजे ओरडली. पलीकडच्या लाँचवरचे लोक वळून बघायला लागले.

मग जवळजवळ बहिऱ्या बाईला लाँच शांत आहे हे कळायचं कसं? चहावरून. ती लाँचवर चढायची, बाकावर प्याला ठेवायची, किटलीतून अगदी काठोकाठ चहा ओतायची आणि इंजिन चालू करायला सांगायची. मग कमरेवर हात ठेवून वाकून बघत राहायची. चहावर नुसती सुरकुती उठली तर ठीक. थेंब सांडला की प्याला उचलून खाली उतरायची. गाणं बंद ठेवण्याचं वचन ती लाँचवाल्याकडून नंतर घ्यायची, पण हादऱ्याचं वचन कोण देणार? तो आवाज कानात नाही, हाडांत शिरतो, असं ती म्हणायची.

आता आमच्यात काठोकाठ प्याला म्हणजे काय, हे शेंबडं पोरही जाणतं. पाहुण्याला चहा द्यायचा तो तळाशी घोटभर. संपला की पुन्हा घोटभर. जितक्या वेळा ओतू तितका मान, आणि तितकाच वेळ पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि चालते व्हा. जुने लाँचवाले एजेला ओळखून होते, ते मनावर घ्यायचे नाहीत. ताश्तान नवा होता.

ताश्तान आधी मच्छीमारी खात्यात होता. ते बंद पडलं तेव्हा त्याने तिथली जुनी लाँच घेतली आणि जीव लावून दुरुस्त केली. त्याच्या आईने हाताने लाटलेले लोकरीचे जाड नमदे होते, ते त्याने इंजिनाच्या पेटीला आतून बाहेरून ठोकले. उमुतकान एजे पहिल्यांदा त्याच्या लाँचवर चढली तेव्हा त्याने माणुसकीने जेवणाचं कापड पसरलं, पाव ठेवला, जर्दाळूचा मुरंबा ठेवला. आणि एजेने काय केलं? त्याच्याच पुढ्यात काठोकाठ प्याला भरून ठेवला, इंजिन चालू करायला लावलं, थोडा वेळ बघितलं आणि कुणाला तरी हाक मारत उतरून गेली. ताश्तान मागून ओरडला, "माझ्याच बोटीवर मलाच चालता हो म्हणता?" तिला ते ऐकू गेलं नाही. तिने वळून हसून हात हलवला.

त्यानंतर ताश्तानने अबोला धरला. तिने पाठवलेले पाहुणे तो धक्क्यावरूनच परत लावायचा. मी एकदा तिला खरं कारण सांगितलं, तर म्हणाली, "चहा मी बोटीला दिला होता, त्याला नाही! त्याला कशाला राग?" झालं. असे कित्येक उन्हाळे गेले.

मग गेल्या वर्षी माझ्याकडे शेरमात आणि सालकिन हे नवरा-बायको येऊन राहिले. दक्षिणेकडच्या कोळसाखाणीचं गाव त्यांचं. खाणीत एकदा सुरुंग वेळेआधी उडाला होता, त्यात शेरमात जिवंत निघाला. पण तेव्हापासून मोठा आवाज झाला की त्याचे हात थरथरायला लागायचे आणि ती थरथर तासन्‌तास थांबायची नाही. शांत असला तरी चहा पिताना सालकिन त्याच्या प्याल्याखाली हात धरायची. मुलीने रशियातून खटपट करून त्यांना आठवड्यासाठी धाडलं होतं. लग्नाच्या वेळी शेरमातने बायकोला कबूल केलं होतं, तुला इसिक-कुलच्या मधोमध नेईन. आयुष्य खाणीत गेलं, ते राहूनच गेलं.

आल्या आल्या ते आपले आपणच धक्क्यावर गेले आणि दिसेल त्या मोठ्या लाँचवर चढले. लाँच सुटली आणि गाणं सुरू झालं. शेरमात कान दाबून बाकाखाली जाऊन बसला. लोकांना वाटलं म्हातारा प्यायलाय. कुणीतरी फोनवर त्याचं चित्रीकरणही केलं. परत आला तो माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला, तो उठेचना.

"तू एकटी जाऊन ये," तो भिंतीला सांगायचा.

"एकटीच जायचं असतं तर लग्न कशाला केलं असतं?" सालकिन म्हणायची. बाहेर येऊन मात्र माझ्या ओट्यावर बसून रडायची. "कुलीपा, पाणी गेलं खड्ड्यात. पण तो आता मला तोंड दाखवत नाही गं. असाच परत नेला तर हा घरीही भिंतीकडेच बघत बसेल."

त्यांना परतायला दोनच दिवस राहिले तेव्हा मी उमुतकान एजेला घरी बोलावलं. तिने सगळं ऐकलं, म्हणजे मी तिच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं, तेही अंगणाच्या पार टोकाला नेऊन, शेरमातला त्रास नको म्हणून. तिने लगेच किटली उचलली आणि निघाली. एरवीच्या पाहुण्यांना चालतील अशा लाँच होत्या तिच्याकडे, त्या सगळ्यांवर ती पुन्हा चढली. पण या माणसासाठी तिला सुरकुतीही नको होती. दुपारी उन्हातून घामाघूम होऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताश्तानची. दुसरी नाही. चल."

आम्ही ताश्तानच्या घरी गेलो. दारात आलेल्याला घरात घ्यावंच लागतं, म्हणून त्याने घेतलं. त्याच्या बायकोने कापड पसरलं, किटली आणली. ताश्तानने ती तिच्या हातातून काढून घेतली, उमुतकान एजेचा प्याला स्वतः काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे सरकवला. त्याची बायको पांढरी पडली. मला तर उठून पळावंसं वाटलं.

एजेने फुंकर मारत मारत सगळा प्याला संपवला, तोंड पुसलं आणि प्याला पुढे केला. "छान झालाय. आणखी."

त्याने पुन्हा काठोकाठ भरला. तिने पुन्हा संपवला. "आणखी!"

"एजे," ताश्तानचा संयम सुटला, "तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय? चालत्या व्हा म्हणतोय मी!"

"मला ऐकू येत नाही!" एजे गरजली. आणि पोट धरून हसायला लागली. आधी त्याची बायको हसली, मग मी. ताश्तान हसला नाही, पण किटली खाली ठेवली.

मग एजेने त्याला शेरमातची गोष्ट सांगितली. ताश्तान मान खाली घालून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या बोटीवर चहा हललासुद्धा नव्हता. साधी सुरकुती नाही. या धक्क्यावर असं मी कधी बघितलं नव्हतं. हे तुला न सांगता उतरले, तेवढं माझं चुकलं."

"हललाच नव्हता?" ताश्तानने मान वर केली.

"तुझ्या आईच्या हाताला नमस्कार सांग माझा!"

ताश्तानची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो उठला, तिचा प्याला घेतला आणि त्यात तळाशी घोटभर चहा ओतून दोन्ही हातांनी तिला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का जागा व्हायच्या आत आम्ही निघालो. शेरमातला सालकिनने कसं उठवलं ते तिचं तिला माहीत. तो खाली बघत चढला आणि बाकाची कड धरून बसला. गाणं लावायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, असं ताश्तानने कबूल केलं होतं. उमुतकान एजेने तर डोक्याचा रुमाल खाली ओढून तोंडावर बांधून घेतला होता. आपण तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला तिच्याबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या बाईला गप्प बसणं म्हणजे उपास काढणं होतं.

लाँच पाण्यावरून सरकत गेली. इंजिन नमद्यांच्या आत कुठेतरी घुमत होतं. शेरमातने हळूहळू मान वर केली. सालकिन पाण्याकडे बघत होती. कोणी काही बोलत नव्हतं.

आणि इथेच ताश्तानची तगमग सुरू झाली. तो आमच्यातलाच माणूस. आपल्या कापडावर बसलेले पाहुणे हसत नाहीत, बोलत नाहीत, म्हणजे यजमानाची अब्रूच गेली की. त्याने बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, पुढे केले. त्यांनी गुपचूप खाल्ले. मुरंबा दिला. गुपचूप खाल्ला. त्याने माझ्याकडे बघून खुणेने विचारलं, रागावलेत का? मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही. तो बघत राहिला, चुळबुळ करत राहिला, आणि शेवटी त्याचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, दिलेलं वचनही तो विसरला नव्हता. पाहुणे असे मुके बसलेले त्याला बघवत नव्हतं, एवढंच.

शेरमातने तो हात बघितला. त्याची बोटं बाकाच्या कडेवर थरथरायला लागली. सालकिनने त्यांवर आपला हात दाबला, पण थरथर तिच्या हातालाही लागली. मी मागच्या टोकाला होते. ओरडले असते तर गाण्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता? जवळ होती ती उमुतकान एजे. तिने तोंडावरचा रुमाल खाली केला. आता ही बोलणार आणि सगळं संपणार, म्हणून मी डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा एजे किटलीतून चहा ओतत होती. काठोकाठ. तो प्याला तिने ताश्तानच्या तोंडासमोर धरला.

ताश्तानने प्याल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचे कान लाल झाले. त्याने बटणावरचा हात काढला, प्याला घेतला आणि निमूटपणे सगळा पिऊन टाकला. मग खाली वाकून त्याने इंजिनही बंद केलं.

तळ्याच्या मधोमध आम्ही तसेच तरंगत राहिलो. लाँचच्या बुडाला पाणी चाटत होतं तेवढंच काय ते. शेरमातने बाकावरचा हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग त्याने किटली ओढून घेतली. सालकिनचा हात सवयीने त्याच्या हाताखाली गेला. त्याने तो हळूच बाजूला सारला आणि बाकावर ठेवलेल्या तिच्या प्याल्यात तळाशी घोटभर चहा ओतला.

"एवढाच?" सालकिन म्हणाली.  "जन्मात पहिल्यांदा ओतलास, आणि त्यातही कंजुषी?"

"संपव," शेरमात म्हणाला. "मग पुन्हा ओततो. मला काही घाई नाही."

उमुतकान एजेला यातलं काहीच ऐकू आलं नाही. ती कमरेवर हात ठेवून वाकून बाकाकडे बघत होती. प्याल्याभोवती एक थेंबही सांडला नव्हता.