वर माझं, खाली मीनाताईंचं

ऑफिसातला सगळा कोड नव्या प्रणालीत हलवला आणि जिथे मी आणि मीनाताईंनी एकच ओळ बदललेली, तिथे संगणक दोन्ही ओळी दाखवून अडून बसला. वर माझं, खाली मीनाताईंचं, कुठलं ठेवू? सकाळपासून मी न वाचताच ‘माझं’ दाबत सुटलो होतो.

शेजारच्या खुर्चीतून मीनाताईंनी विचारलं, “खालचं वाचतोयस ना रे?”

“वाचतोय की.”

“मग बरं. तू सुचवलेलंस, तसंच बदललंय मी सगळं.”

माझे कान तापले. घरीही मी असाच ऐकत असेन. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं बटण दाबलेलं.

पुसलेलं परत आणायची इथे सोय आहे. मी त्यांची एकेक ओळ परत आणून वाचू लागलो. ‘वाचतोय की’ तेवढं परत घेता येईना.