चोरबाईची बोटं

पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे चोरबाई म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा. उभ्या आयुष्यात बाईनं दुसऱ्याची टाचणी उचलली नव्हती, पण पगार मात्र तिला चोरी करून बघण्याचाच मिळायचा. नवे पत्ते छापून आले की ते जुन्यांत मिसळायचे आणि तिचे डोळे बांधून एकेक तिच्या हातात द्यायचा. नवा कुठला आणि जुना कुठला हे तिला ओळखता आलं नाही, तर पत्ते पास. ओळखता आलं, तर उद्या एखादा लबाड खेळाडूही ओळखणार, गड्डीतला वरचा पत्ता उपडा असतानाच हेरणार आणि खेळाचं वाटोळं करणार.

गंमत अशी, की एवढी मोठी चोर, पण स्वभावानं महाभित्री. फोन वाजला तरी दचकायची. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. जिन्यात कुणी मागून आलं तर भिंतीला चिकटून त्याला आधी पुढे जाऊ द्यायची. सुरुवातीला ती पाकिटं भरायच्या खात्यात होती. एक दिवस हातातलं बंद पाकीट चाचपून ती म्हणाली, "यात एक पत्ता कमी आहे," आणि निघाला खरंच कमी. तेव्हापासून तिला वरच्या मजल्यावर बसवलं. बढती मिळाली की माणसं खूश होतात. हिचं आठवडाभर जेवणावरचं मन उडालं. "माझी बोटं चुकली तर?" एवढंच घोकत राहिली. नवऱ्यानं समजूत घालून घालून शेवटी हात टेकले.

यंदा मूळ संच नव्यानं निघत होता. म्हणजे ज्या पत्त्यांवर सगळा खेळ उभा आहे, तेच. चित्रं नवी काढली, अक्षरं मोठी केली, पत्त्यांवर छापायच्या नियमांची लांबलचक वाक्यं छाटली. उंच साहेब, म्हणजे हे सगळं ठरवणारा मुख्य डिझायनर, दोन वर्षं त्यातच बुडाला होता. एका राक्षसाच्या शेपटीवरून त्याचं चित्रकाराशी महिनाभर बोलणं बंद होतं. पण पत्त्याच्या पाठीला मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. लोकांकडे घरोघरी जुने पत्ते होते आणि हे नवे त्यांतच मिसळले जाणार होते. "तोंडं हवी तेवढी बदला," तो म्हणायचा, "पण उपडा ठेवला की नवा आणि जुना एकच वाटला पाहिजे."

छपाई झाली. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती भांडी पुसत होती, तेवढ्यात धाकटा दीर आला. हे पत्ते छापणाऱ्या छापखान्यातलं मोठं मशीन त्याच्याच ताब्यात असायचं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा शाळेत जायचा. शर्टाची बटणं खालीवर लावायचा आणि ती रोज नीट करून द्यायची. आता त्याचे केस पिकायला लागले होते, पण काही बिनसलं की अजूनही तसाच ओट्याला टेकून उभा राहायचा.

"वहिनी, एक सांगायचंय. रागावू नका."

"काय झालं रे?"

"नेहमीचा कागद वेळेवर आला नाही. मशीन रिकामं उभं होतं, तुमचे मालक रोज फोन करून डोकं खात होते. मी दुसरा लावला. अगदी तसाच आहे हो! मला स्वतःला फरक कळत नाही."

"सांगितलंस कुणाला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "सगळा माल छापून बसलाय. आता रद्द झाला तर मला त्याच दिवशी घरी बसवतील. या वयात कोण मला दारात उभं करणार?" मग खाली बघत म्हणाला, "उद्या तुमच्या बोटांना काही कळू देऊ नका."

"तसाच आहे म्हणतोस ना? मग कळणारच नाही," ती म्हणाली. सकाळी निघण्यापूर्वी तिनं दोन्ही हात कितीतरी वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले.

चाचणीच्या खोलीत मालक होते, उंच साहेब होता आणि छापखान्याचा माणूस म्हणून दीरही होता. जुने पत्तेसुद्धा न फोडलेल्या पाकिटांतले घेतले होते, म्हणजे मळकेपणावरून ओळखायची सोय नको. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

पहिला पत्ता हातात आला. अंगठ्यानं जरा वाकवून सोडला, तर तो पटकन सरळ झाला नाही. झोपेतून उठल्यासारखा सावकाश झाला. नवा. शंकेला जागाच नव्हती.

"जुना," ती म्हणाली.

पुढचा ताठ, सोडल्याबरोबर सरळ होणारा. "नवा." आपली बोटंच आपल्याला पकडून देतील असं तिला प्रत्येक पत्त्यागणिक वाटत होतं आणि प्रत्येक वेळी ती उलटं सांगत होती. मागून दिराचा खोकला ऐकू आला तशी ती आणखीच घाई करायला लागली. जन्मात पहिल्यांदा ती खरी चोरी करत होती, आणि तीही सगळ्यांसमोर. गड्डी संपली तेव्हा ती घामानं चिंब झाली होती.

"किती बरोबर?" मालकांनी विचारलं.

"एकही नाही," उंच साहेब म्हणाला.

मालकांनी टाळी वाजवली. "वा! चोरबाई सपशेल नापास. पाठवा माल बाजारात!"

तिच्या जिवात जीव आला. पण उंच साहेबानं पत्ते पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतल्याचा आवाज आला.

"थांबा जरा, मालक," तो शेवटी म्हणाला. "नुसत्या अंदाजानं सांगितलं असतं, तरी निम्मे बरोबर आले असते. एवढ्या गड्डीत एकही नाही? सगळे चुकवायचे तर सगळे ओळखावे लागतात."

दोन-चार खरे सांगून टाकावेत, एवढी साधी गोष्ट घाबरलेल्या बाईच्या डोक्यातच आली नव्हती.

उंच साहेबाची पावलं जवळ आली. त्यानं तिच्या हातात आणखी एक पत्ता ठेवला. "बाई, मी रागावणार नाही. हा कुठला?"

तिनं तो वाकवून सोडला. खोटं बोलायची तिला भीती वाटत होती आणि खरं बोलायची त्याहून जास्त.

"नवा," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "नवा आहे. कागद वेगळा आहे."

खुर्ची जोरात मागे सरकली. मालक फोनवर कुणावर तरी ओरडत बाहेर गेले. तिचे हात पट्टी सोडायला वर गेले नाहीत. पट्टी सुटली की समोर दिराचं तोंड दिसणार होतं. ते बघण्यापेक्षा इथंच, असंच आंधळं बसून राहावं असं तिला वाटलं.

मग कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं आणि तिच्या डोक्यामागची गाठ सोडवायला लागलं. शाई धुऊन धुऊन खरखरीत झालेली बोटं. बटणांशी झटायची, तीच. गाठ काही सुटत नव्हती.

"मान जरा खाली घ्या, वहिनी," दीर म्हणाला. "घट्ट बसलीय."