बाबांच्या कॉम्प्युटरवर अँड्रॉइड

बाबा चादरींची डिझाइनं काढायचे. आधी ग्राफच्या कागदावर, नंतर कॉम्प्युटरवर. कागद आम्ही रद्दीत घातले, सगळं मशीनमध्ये आहे म्हणून.

ते गेले. पुढं आईला मोबाइलवर नातवाचा चेहरा नीट दिसेना. मोठ्या पडद्यावर दिसेल म्हणून मी त्याच कॉम्प्युटरवर अँड्रॉइड टाकलं. डिस्कवरचं सगळं पुसू का, असं पडद्यावर विचारलं होतं. माझ्यासारख्या शहाण्यानं न वाचताच हो म्हटलं.

आईनं मोबाइलसारखं काचेवर बोट दाबलं. काही हललं नाही. मी माउस दिला.

"नातू ऱ्हाऊ दे. आदी ह्यांची मोराची चादर दाखव की."

मशीन जुनी झालीय, चादर उघडत नाही, असं मी सांगितलं.

आता रोज ती पदरानं काच पुसते आणि विचारते, "आज उघडंल का रं?"