मधला स्पीकर

आमच्या पारोळ्यात लग्नाचं शूटिंग करणारे छप्पन्न, पण रोहिदासभाऊसारखा चोखंदळ आणि चक्रम एकच. लोक जेवणाची तारीफ करत, तेव्हा हा जनरेटरच्या घरघरीवरून मांडववाल्याशी भांडत असे. त्याच्या डीव्हीडीत आवाजाचे दोन ट्रॅक असत. पहिल्यावर गाणी, गिऱ्हाइकासाठी. दुसऱ्यावर मांडवातला खरा आवाज, तोही फाइव्ह पॉइंट वनमध्ये. म्हणजे बोलणं मधल्या स्पीकरला आणि बँड बाजूच्या चारांना. तो ट्रॅक कुणी लावत नसे. गाढवाला गुळाची चव काय, असं भाऊ म्हणे.

त्याच ट्रॅकला भाऊ घाबरलेला मी एकदा पाहिला.

गल्लीतल्या कमलबाईंच्या दिपमालाचं लग्न भाऊनेच शूट केलं होतं. पोर सासरी गेली आणि त्याच संध्याकाळी, मांडव उतरायच्या आत, तिचे वडील पुनाआप्पा गेले. हृदयविकाराने. पंधरा दिवसांनी एडिटिंगला बसलेल्या भाऊला हेडफोनमध्ये आप्पा ऐकू आले, बायकोला काहीतरी सांगताना. त्याने पहिल्या ट्रॅकवर तो तुकडा गाण्याखाली दाबला. दुसऱ्यावरून पुसायला मात्र त्याचा हात धजला नाही. हे त्याने मला एकट्याला सांगितलं, आणि मला ते ऐकायचंच नव्हतं.

नऊ वर्षं सुखाने गेली. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पांच्या नावाची घागर पुजून झाली आणि कमलबाईंनी दुपारी लग्नाची डीव्हीडी लावली. रिमोटवरचं ऑडिओचं बटण चुकून दाबलं गेलं. गाणी थांबली, बँड वाजू लागला. आप्पांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्यांच्या होम थिएटरचा मधला स्पीकर उंदरांनी कधीच खाल्ला होता. त्यांनी भाऊला बोलावलं, भाऊने मला सोबत ओढलं.

भाऊने रिमोट हातात घेतला, दोन-चार बटणं उगाच दाबली.

"ट्रॅक खराब व्हई गया, अक्का."

मी जमिनीकडे पाहत राहिलो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"खोटं नका बोलू, भाऊ," कमलबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यासनी काय सांगं ते माले याद शे. मी काय सांगं, तेच याद नही."

भाऊने माझ्याकडे पाहिलं. त्याने सेटिंग उघडलं, फाइव्ह पॉइंट वन काढून स्टिरिओ केलं. तसं केलं की मधल्या स्पीकरचं बोलणं पुढच्या दोन स्पीकरांत येतं.

"छातीमा दुखी ऱ्हायनं वं," आप्पा म्हणाले. अगदी खोलीत बसल्यासारखे.

आणि लगेच कमलबाईंचा नऊ वर्षांपूर्वीचा आवाज, हसतहसत, "पहिले पोरले वाटे लावू, मंग देखू."

बाई रडल्या नाहीत. "परत लावा," म्हणाल्या. भाऊने तीनदा लावलं, मग रिमोट त्यांच्या हातात ठेवून आम्ही उठलो. त्यानंतर भाऊने दुसरा ट्रॅक करणं सोडलं.

कमलबाईंच्या घरातून आता लग्नाची गाणी ऐकू येत नाहीत. रोज दुपारी आप्पा दुखतंय म्हणतात आणि एक बाई हसत उत्तर देते. तेवढ्या वेळापुरती मी माझी खिडकी लावून घेतो.