ग्लेनने सांगितलं होतं

चार वर्षं झाली, पण हे माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. पुण्यातल्या बहिणीपाशी नाही, गाडीत एकटा असतानासुद्धा मोठ्याने नाही. तुला का सांगतोय? तू मला ओळखत नाहीस, म्हणून असेल.

मी सिव्हिल इंजिनीअर. मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये राहतो, एकटाच. लग्न झालं होतं, टिकलं नाही. या देशात माझं म्हणावं असं एकच घर होतं — जवळच टार्निटमधलं, माझ्या मित्राचं, शिरीषचं. दर शनिवारी मी तिथे जेवायला असायचो. शिरीषची आई, म्हणजे काकू, पुण्याहून सहा-सहा महिन्यांसाठी यायच्या आणि माझ्यासाठी थालीपिठं झाकून ठेवायच्या. शिरीषच्या मुली 'नंदूकाका' एवढंच मराठीत म्हणायच्या, बाकी सगळं इंग्लिशमध्ये. पण त्या घरात माझ्या नावाचा एक कप होता. असा कप नसलेल्या माणसालाच तो केवढा असतो ते कळतं.

तर — शिरीषने डोंगरात एक जुनं घर घेतलं. मेलबर्नहून पाच तास, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडणारं गाव. छप्पर नवं करायचं होतं. शिरीष आयटीतला, त्याला खिळा आणि स्क्रू सारखाच. जेवताना तो म्हणाला, "नंद्या, ड्रॉइंग तूच कर ना यार. तुला स्नोचं माहितीये ना?" मी म्हणालो, माहितीये.

माहीत नव्हतं. मी आयुष्यभर गोदामांची आणि शेडची ड्रॉइंग केलेली. बर्फ मी बघितला होता तो सहलीत, फोटो काढण्यापुरता. पण काकू कौतुकाने बघत होत्या — 'आपला नंदू करेल' — आणि मला ते कौतुक हवं होतं. पावसासाठी करतात तेच मी केलं. उतार जास्त, गुळगुळीत पत्रा, वरून जे येईल ते झटकन खाली. पावसाचं पाणी खाली पडून वाहून जातं. बर्फ कुठे पडणार, याचा मी विचारच केला नाही.

त्यात दाराचा प्रश्न निघाला. जुनं दार उत्तरेला होतं, छपराच्या त्रिकोणी भिंतीत, जिथे वरून काही घसरून पडत नाही. काकूंना ते पूर्वेला हवं होतं. वास्तुशास्त्र, आणि शिवाय उगवत्या सूर्याला अर्घ्य देता येईल. शिरीषने कपाळाला हात लावला. मीच म्हणालो, त्यात काय, हलवू की. पूर्वेला म्हणजे उताराच्या बाजूला, बरोबर वळचणीखाली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ग्लेनला दिसलं. ग्लेन हा त्या गावचा पत्रे बसवणारा. साठीचा, कमी बोलणारा, जन्मभर त्याच डोंगरात छपरं घातलेला. त्याने मला फोन केला. म्हणाला, "मेट, त्या बाजूला दार नको. सकाळी ऊन लागलं की पत्र्यावरचा सगळा बर्फ एकदम सुटतो. दार होतं तिथेच ठेव. नाहीतर दारावर छोटं छप्पर काढ आणि वर स्नो गार्ड लाव." स्नो गार्ड म्हणजे बर्फ अडवायला पत्र्यावर बसवतात ते आडवे दांडे. सगळं मिळून तीन मिनिटांचा फोन.

खरं सांगू, मला काय वाटलं? वाटलं, हा पत्रे ठोकणारा मला शिकवणार? आमच्याकडे साइटवर मिस्त्री इंजिनीअरला उलटून सांगत नाही. सांगितलं तर इंजिनीअर हसतो आणि 'ड्रॉइंगप्रमाणे कर' म्हणतो. इथे येऊन दहा वर्षं झाली होती, सगळ्यांना मेट म्हणायला शिकलो होतो, आणि तरी ते माझ्यात जसंच्या तसं होतं. मी म्हणालो, "नो वरीज, मी हिशोब केलाय. ड्रॉइंगप्रमाणे कर." "युअर कॉल," म्हणजे तुझा निर्णय, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. शिरीषला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर 'मला माहीत नव्हतं' हेही सांगावं लागलं असतं.

इथेच थांबलो असतो तर ती चूक म्हणता आली असती. चुका होतात ना माणसाकडून?

पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळे तिथे गेलो. रात्रभर बर्फ पडला, सकाळी लख्ख ऊन. नवाच्या सुमारास सूर्य डोंगरावर आला, आणि काकू आंघोळ करून, स्वेटरवर शाल घेऊन, तांब्या हातात धरून पूर्वेच्या दारातून बाहेर गेल्या. मी चहा गाळत होतो. वर पत्र्यावरून काहीतरी जड घसरत गेल्यासारखा आवाज झाला, आणि मग धप्प. चहाचं गाळणं हातात तसंच घेऊन मी पळालो. शिरीष आणि मी हातांनी बर्फ उपसत होतो. काकू ओरडतही नव्हत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. पुण्याला परत गेल्या त्या गेल्याच.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शिरीष ग्लेनशी फोनवर भांडला — जन्मभर बर्फात छपरं घालतोस, आधी सांगता आलं नाही? फोन खाली करून माझ्याकडे वळला. "तो म्हणतोय, त्याने तुला वॉर्न केलं होतं. काही बोलला होता का तो तुला?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. एक शब्द. विचार करायलाही वेळ घेतला नाही मी — जणू तो तोंडात तयारच होता. शिरीष म्हणाला, "वाटलंच मला. हात झटकतोय." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो. मी भ्यायलो होतो. काकूंच्या दुखण्याला नाही. शनिवार जाईल म्हणून.

पुढचं जास्त वाईट आहे. शिरीषने गावच्या ऑनलाइन ग्रुपवर ग्लेनबद्दल लिहिलं, नावानिशी. पाठवण्याआधी मला दाखवलं. "इंग्लिश नीट आहे का बघ रे." मी बघितलं. एक वाक्य मवाळ वाटलं, ते जास्त कडक करून दिलं. लहान गाव, तिथे माणसाचा शब्द गेला की काम जातं. ग्लेनने एकदाच उत्तर लिहिलं — मी डिझायनरला सांगितलं होतं, त्यालाच विचारा. खाली लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं. पुढच्या वर्षी कळलं, त्याने छपरांचं काम सोडलं.

शनिवार तरी राहिले का? शिरीष बोलवत राहिला. मीच जाईनासा झालो. त्या टेबलाशी बसलं की कुणीतरी ग्लेनला शिव्या घालायचं, आणि मला मान हलवावी लागायची. आता शनिवारी मी गाडी काढतो, फ्रीवेवर टार्निटच्या फाट्यापर्यंत जातो आणि परत येतो. घरी टोस्ट खातो. एकटेपणाची तक्रार करायला तोंड नाही, पण एकटं वाटतं, हे खरं आहे.

काकू पुण्याहून मला व्हिडिओ कॉल करायच्या. मागच्या वर्षी एकदा म्हणाल्या, "नंदू, त्या पत्रेवाल्यावर माझा राग नाही हो. शिरीषला सांग, सोडून दे म्हणावं. त्या माणसाशी एकदा नीट बोल म्हणावं. तुझं ऐकतो तो."

मी "हो काकू" म्हणालो आणि शिरीषला काही सांगितलं नाही. तो ग्लेनशी बोलला असता.

गेल्या उन्हाळ्यात काकू वारल्या. त्यांनी ग्लेनला माफ केलं होतं, आणि तो दोषी नव्हता हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते मला सांगता आलं असतं, कुठल्याही दिवशी. मी सांगितलं नाही.