पाव इंचाचा फूट

फिटरनाना माणूस भेटला की आधी त्याला लहान करीत. भुसावळच्या मुलींच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्याकडे भाड्याची खोली पाहायला गेले, तेव्हा माझ्या हातात यादी होती : पाणी, उजेड, शेजार, दाराला आतून कडी. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत नानांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "सव्वा इंचाला जरा जास्तच भराल." मी यादीची घडी करून पिशवीत टाकली आणि उलट पावली निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "बाई, कडी आहे हो दाराला!" माझ्या यादीत कडी आहे हे त्यांना कसे कळले, ते मला आजतागायत समजलेले नाही. मी परत फिरले आणि त्या खोलीत नऊ वर्षे राहिले.

सव्वा इंचाचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. नाना इंजिनांच्या शेडमध्ये तीस वर्षे फिटर होते. बायको गेली, नोकरी संपली, आणि त्यांनी मागच्या पडवीत चाळीसगाव ते धुळे ही आगगाडीची वाट बांधायला घेतली. फुटाला पाव इंच हे माप. पाच फुटी माणूस त्या मापात सव्वा इंचाचा होतो, मी पाच फूट दोन इंच. सगळी वाट या मापाने बांधायची तर पडवी तालुक्याएवढी लागली असती, म्हणून त्यांनी मधली शेते गाळली आणि स्टेशने, पूल, वळणे तेवढी ठेवली. "शेतं का गाळली?" मी विचारले. "शेतात गाडी थांबत नाही," ते म्हणाले. हे उत्तर मला पटले की नाही, हेही मी अजून ठरवलेले नाही.

घरात राहणाऱ्याची पंचाईत अशी होती की नाना दोन्ही जगांतले बोलणे एकाच आवाजात बोलत. सकाळी मी वेणी घालत असताना पडवीतून हाक आली, "बाई, मालगाडी घसरली! दोन बैल गेले!" मी तशीच अर्ध्या वेणीनिशी धावत फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर भाजीवाली निवांत बसलेली. आत येऊन पाहते तर शेजारचे मांजर पुलावर बसून मिशा चाटत होते. दुसऱ्यांदा असेच झाले तेव्हा मी हलले नाही, आणि त्या दिवशी खरोखरच यार्डात डबे घसरले होते. पुढे मी नियम केला, आधी विचारायचे : "नाना, किती इंचाची?"

सामान त्यांना कधी विकत आणावे लागले नाही. रूळ म्हणजे कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, चिरून घासलेल्या. इंजिनाचा सांगाडा रॉकेलच्या डब्याचा. खडी तापीच्या वाळूची, माझ्या पिठाच्या चाळणीने चाळलेली, न विचारता. झाडे वाळक्या तुळशीच्या खोडांची आणि त्यांना पाला म्हणून सुकवलेल्या मेथीचा चुरा. धूर जिनिंगमधल्या कापसाचा. हा कापूस ते तासन्तास बोटांनी पिंजत बसत. "धूर वर जातो तेव्हा आधी विचार करतो, मग पसरतो," असे म्हणून धुराड्यावरचा पुंजका उतरवून पुन्हा लावत.

पण हे सारे कशासाठी, तर फोटोसाठी. शेडमधला एक साहेब विलायतेला जाताना त्यांना आपला काचपट्टीचा जुना कॅमेरा देऊन गेला होता. वाट ज्या फळीवर मांडली होती, तिच्यावर नाना तो ठेवत नसत. फळीला खाच पाडून तो खालून असा बसवत, की त्याची पुढची काच सव्वा इंची माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीला येई. "वरून पाहिलं तर खेळणं आहे, बाई. त्याच्या डोळ्यानं पाहिलं तर गाडी आहे." काचेपुढे ते सुईने भोक पाडलेला पत्रा लावत. त्यामुळे पुढच्या खडीपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळे लख्ख येई, पण उजेड आत जायला वीस-बावीस मिनिटे लागत. तेवढा वेळ घरात कुणी पाऊल उचलायचे नाही. एकदा मी हातात उकळत्या चहाचे भांडे धरून उंबऱ्यात बावीस मिनिटे उभी होते.

आणि आमचे घर रुळांपासून दोनशे पावलांवर! खरी गाडी गेली की फळी थरथरे आणि खोट्या गाडीचा फोटो पुसट होई. ज्या माणसाने तीस वर्षे गाड्या चालत्या ठेवल्या, तो आता मेल आली की कपाळाला हात लावी. तेव्हा मी माझ्या स्वभावाला धरून एक वेळापत्रक केले : कोणत्या वेळी बावीस मिनिटे एकही गाडी नाही. भुसावळसारख्या ठिकाणी दिवसाउजेडी अशा दोनच फटी सापडल्या. नानांनी तो कागद देवघरात लावला.

फोटोंची वहीही मीच सुरू केली, कारण नाना खऱ्या स्टेशनांचेही फोटो काढीत आणि दोन्ही एकाच पेटीत टाकीत. मी प्रत्येकाला क्रमांक दिला आणि पाठीवर पेन्सिलीने खूण केली : पडवीतला असेल तर 'घरचा', खऱ्या स्टेशनाचा असेल तर 'बाहेरचा'. खूण केली नाही तर मला स्वतःलाही ओळखता येत नसे. ही खूण माझ्या हातून कशी वाया गेली, तेच सांगायचे आहे.

नानांचे जुने सोबती तुकाभाऊ धुळ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शिंदखेड्याकडचे, बोलणे अहिराणी, आणि नानाही त्यांच्याशी अधूनमधून तसेच बोलत. एक दिवस ते आले आणि चपला न काढताच ओट्यावर बसले. वाटेतल्या एका लहान स्टेशनाबाहेरचा सिग्नल त्यांनी ओलांडला होता आणि इंजिन उभ्या डब्यांवर गेले होते. एका पोर्टरचा हात मोडला होता. तुकाभाऊंना कामावरून घरी बसवून चौकशी लावली होती.

"नाना, सिग्नल दखायनाच नही माले," ते म्हणाले. "निंबनी फांदी आडी व्हती."

"मग साहेबाला दाखव तो निंब."

"कसा दखाडू? दुसरे दिन तोडी टाका ना तो!"

झाड कुणाच्या सांगण्यावरून तोडले हे कुणीच सांगत नव्हते. चौकशीचा साहेब जागेवर जाऊन आला तेव्हा सिग्नल लांबून स्वच्छ दिसत होता. तुकाभाऊंची बावीस वर्षांची नोकरी आणि त्याहून मोठे नाव, दोन्ही त्या नसलेल्या फांदीला लटकले होते.

नाना दुसऱ्या दिवशी टेप घेऊन तिकडे गेले. वळण मोजले, सिग्नल मोजला, उरलेल्या बुंध्याचा घेर मोजला. आठ दिवस पडवीत खटखट चालली. ड्रायव्हरचा डोळा रुळापासून आठ फुटांवर असतो, म्हणून या वेळी कॅमेरा दोन इंचांवर बसवला. दुपारच्या फटीत फोटो काढला. मी पाहिला तेव्हा अंगावर काटा आला : इंजिनाच्या खिडकीतून दिसावे तसे वळण, पुढे निंब, आणि फांदीमागे सिग्नलचे नुसते टोक. मी पाठीवर 'घरचा' लिहिले, वहीत नोंद केली. पण कागद गुंडाळत होता. साहेबासमोर असा वेडावाकडा कागद ठेवायचा हे मला सहन होईना, म्हणून मी शाळेतला जाड पुठ्ठा आणून त्यावर फोटो खळीने छान चिकटवला. माझी खूण पुठ्ठ्याखाली गेली हे माझ्या लक्षातही आले नाही.

"साहेबाला सांग, हा नमुना शे," नानांनी तुकाभाऊंना बजावले.

पंधरा दिवसांनी तुकाभाऊ पेढे घेऊन आले. दोष ड्रायव्हरचा नाही असा निकाल झाला होता. नानांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "नमुना म्हणून सांगितलंस ना?"

तुकाभाऊ खाली पाहू लागले. "साहेबनी इचारं, झाड तोडाना पहिलेना फोटो शे का? मी हा म्हणी दिधं. पहिलेनाच ते शे ना, नाना?"

मला हसू आले. मग पुठ्ठा आठवला आणि हसू गेले. तुकाभाऊ गेल्यावर मी नानांना म्हटले, "चूक माझी आहे. पण दाखवलं ते खरंच होतं, मग बिघडलं काय?"

नानांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. मग म्हणाले, "बाई, बुंधा मी मोजला. फांदी कशी मोजणार? तुका म्हणाला एवढी खाली, मी तेवढी लावली."

त्यानंतर मला कुठली बाजू घ्यावी हेच कळेना. मी कागद घेतला आणि दोन रकाने आखले : 'सांगावे', 'सांगू नये'. दोन्ही सारखेच भरले. नानांनी तो पाहिलाही नाही. चौकशीच्या साहेबाचा मुक्काम त्या आठवड्यात धुळ्याला होता. नानांनी धोतर बदलले, मी वही घेतली, आणि आम्ही निघालो.

चाळीसगावला गाडी बदलताना इंजिनावर तुकाभाऊच होते. नानांनी त्यांना सरळ सांगितले, "तुका, मी साहेबकडे जाई राह्यनू. फांदीनं बठ्ठं सांगस."

तुकाभाऊंनी हातातल्या चिंधीने हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "मनी भाकर जाई, नाना."

"माहीत शे."

"मंग बसा. मीच लई जास तुम्हले." एवढे बोलून ते इंजिनावर चढले.

असा प्रवास मी पुन्हा केला नाही. ज्याची नोकरी घालवायला निघालो होतो, तोच आम्हाला वेळेवर पोचवत होता. त्या लहान स्टेशनावर तुकाभाऊ खाली उतरून आमच्या डब्याशी आले आणि नानांना इंजिनावर घेऊन गेले. मी खिडकीतून पाहत होते. तुकाभाऊंच्या जागेवर बसून नाना मागे वळणाकडे, बुंध्याकडे पाहत होते. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, जरा वाकले. परत आले तेव्हा मी विचारले, "काय वाटतं?" ते म्हणाले, "फांदीच्या जागी आभाळ दिसतं."

साहेब देशी होता, थकलेला, बोलण्यात थोडा गुजराथी हेल. नाना उभ्यानेच बोलले. "साहेब, हा फोटो माझ्या पडवीतला आहे. वळण मापाचं आहे. सिग्नल मापाचा आहे. फांदी मापाची नाही."

साहेबाला आधी काही समजलेच नाही. त्याने फाइलीतून फोटो काढून उजेडात धरला. "हे? हे पडवीत?" मग माझ्याकडे वळला. "आणि आपण कोण?"

"मी चिकटवणारी," मी म्हटले. "खूण मीच केली आणि मीच झाकली." मी वहीतली नोंद उघडून दाखवली. त्याने पेल्यातले पाणी पुठ्ठ्यावर ओतले, कोपरा हलकेच सोडवला आणि माझे अक्षर वाचले.

"फांदी होती की नव्हती?" त्याने नानांना विचारले.

"माहीत नाही."

"नव्हती असं म्हणणारा कुणी आहे?"

"नाही. होती म्हणणारा एकच."

"आणि ज्यानं झाड तोडलं तो?"

"तो अजून आलेला नाही, साहेब."

साहेबाने ओला फोटो टिपकागदावर ठेवला. माझ्या 'घरचा'च्या खाली त्याने दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, त्या मला उलट्या बाजूने वाचता आल्या नाहीत. "जा तुम्ही," तो म्हणाला. रागाने म्हणाला की मायेने, यावर नानांनी आणि मी परतीच्या वाटेवर चाळीसगावपर्यंत वाद घातला.

त्यानंतर आम्ही पत्राची वाट पाहू लागलो. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत लिही : पत्र नाही. पुढच्या महिन्याला पुन्हा : पत्र नाही. दोन वर्षे मी हे लिहिले. तुकाभाऊ गाडी चालवीत राहिले. निकाल तसाच राहिला की फाइल कुठे पडून राहिली, कुणी कळवले नाही, आणि विचारायला जाण्याइतके शूर आम्ही तिघांपैकी कुणीच उरलो नव्हतो.

नानांनी फोटो काढणे थांबवले. निंब मात्र तिथेच होता. मी झाडलोट करताना पाही तर फांदी कधी वर असे, कधी खाली, कधी पार नाहीशी. शाळेतून येताना मी त्यांना कितीदा तरी पाहिले आहे : फळीशी गुडघे टेकून, एक डोळा मिटून, चिमट्याने ती तुळशीची काडी केसभर हलवताना. "सापडली का, नाना?" मी विचारी. "जवळ आलोय," ते म्हणत. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी ते तापाने गेले, पाच दिवसांत. त्या दिवशी मी पाहिले, फांदी झाडावर नव्हती, फळीच्या कडेला ठेवलेली होती. काढली होती की लावायची राहिली होती, कोण सांगणार?

तेराव्याला तुकाभाऊ आले. तेही आता नोकरीतून सुटले होते. जेवणे झाल्यावर ते एकटेच पडवीत गेले. मी पाहिले तर गुडघे धरून, कण्हत, ते फळीशी खाली बसत होते. त्यांनी हनुवटी रुळाच्या उंचीला आणली आणि वळणाकडे पाहत राहिले. मी काडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"तुकाभाऊ, आता कुणी विचारणारं नाही. तुम्हीच लावा. जिथं होती तिथं."

त्यांनी ती काडी खोडाला लावली. वर सरकवली. खाली आणली. मग हात तसाच अधांतरी राहिला.

"ताई, खरं सांगू?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "आते माले बी याद नही. डोया मिची लिधा ते तो फोटोच दखास."